वाहनातील इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक घटकांतील फरक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेल्फ लागला नाही, इंडिकेटर बंद पडला किंवा डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला, की आपण सरसकट ‘वायरिंगचा प्रॉब्लेम’ असे म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात या तीन तक्रारींची जातकुळी वेगळी असते, तपासण्याची रीत वेगळी असते आणि चुकीची रीत वापरली तर पाचशे रुपयांच्या कामाचे वीस हजारांचे काम होऊ शकते. वाहनमालक आणि गॅरेजमध्ये नव्याने हात बसवणारे विद्यार्थी जे प्रश्न सतत विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या मोटारी व दुचाकींची आहेत. बॅटरीवर धावणाऱ्या वाहनांविषयी पुढे स्वतंत्र उत्तर आहे.

दोन्ही प्रकारचे घटक विजेवरच चालतात, मग फरक नेमका कशात आहे?

विजेकडून कोणते काम करून घेतले जाते, यात फरक आहे. इलेक्ट्रिकल घटकात वीज ऊर्जा म्हणून येते आणि तिचे रूपांतर प्रकाशात, उष्णतेत, आवाजात किंवा गतीत होते. हेडलाइटचा हॅलोजन बल्ब, हॉर्न, वायपरची मोटर, सेल्फ आणि डिझेल इंजिनातील हीटर प्लग हे सारे या गटातले. इलेक्ट्रॉनिक घटकात वीज मुख्यतः माहिती घेऊन येते आणि त्या माहितीवरून दुसरा एखादा प्रवाह सोडायचा, थांबवायचा की कमी-जास्त करायचा हे ठरवले जाते. इंजिनाचा ईसीएम (इंजिनाचे काम ठरवणारा छोटा संगणक), एबीएसचे (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) नियंत्रक, एअरबॅगचे मॉड्यूल (नियंत्रक पेटी) आणि डिजिटल मीटर हे या गटातले.

पदार्थांतही फरक दिसतो. इलेक्ट्रिकल घटक तांब्याची तार, लोखंडी गाभा, कार्बन ब्रश, टंगस्टनची तार अशा साहित्याचे असतात, तर इलेक्ट्रॉनिक घटकाच्या मुळाशी सिलिकॉनसारखा अर्धवाहक असतो, ज्यातून वाहणारा प्रवाह दुसऱ्या एका क्षीण संकेताने आवरता येतो. प्रमाणाचा फरक तर डोळ्यांत भरण्याजोगा आहे. मोटारीचा सेल्फ इंजिन फिरवताना १०० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. हॅलोजन हेडलाइटच्या ५५ वॉटच्या तारेला साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात. आणि इंजिनाचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरमधून जाणारा प्रवाह अवघा काही मिलिअँपिअरचा असतो.

एकच काम दोन्ही पद्धतींनी होऊ शकते का?

होऊ शकते, आणि त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे इंडिकेटरची टिकटिक. जुन्या गाड्यांतील फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असे. इंडिकेटरचा प्रवाह वाहू लागला की तापणाऱ्या तारेच्या उष्णतेने ती पट्टी वाकून मंडल (सर्किट) तोडे किंवा जोडे आणि थंड झाल्यावर पूर्वस्थितीला येई. टिकटिक हा त्या पट्टीचाच आवाज होता. ही यंत्रणा पूर्णपणे इलेक्ट्रिकल होती. एक बल्ब उडाला की प्रवाह घटे, पट्टी नेहमीसारखी तापत नसे आणि लुकलुकण्याची लय आपोआप बिघडे, म्हणजे बिघाडाची सूचना त्या यंत्रणेच्या स्वभावातूनच मिळत असे.

त्यानंतर आलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर प्रवाह मोजतो आणि तो कमी आढळल्यास मुद्दाम दुप्पट वेगाने लुकलुकवतो. आजच्या अनेक मोटारींत स्वतंत्र फ्लॅशरच नसतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल इंडिकेटर पेटवते आणि टिकटिक मीटरमधल्या छोट्या स्पीकरमधून ऐकवली जाते, कारण चालकाच्या कानाला तिची सवय झाली आहे. २१ वॉटच्या बल्बच्या जागी एलईडी बसवल्यावर इंडिकेटर वेड्यासारखा भरभर का लुकलुकतो, याचे उत्तरही येथेच आहे. एलईडी फारच कमी प्रवाह घेतो आणि नियंत्रकाला बल्ब उडाल्यासारखे वाटते. बल्ब इलेक्ट्रिकल आहे, त्याच्यावर लक्ष ठेवणारा इलेक्ट्रॉनिक आहे, आणि एकाला बदलताना दुसऱ्याचा विचार राहून गेलेला असतो.

अल्टरनेटर कोणत्या गटात मोडतो?

अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारे आणि बॅटरी चार्ज करणारे यंत्र, इलेक्ट्रिकल आहे, पण त्याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक भाग आहेत. फिरणारा रोटर आणि त्याभोवतीची तांब्याची गुंडाळी मिळून तीन फेजची प्रत्यावर्ती वीज तयार करतात, आणि बॅटरीला एकदिश वीज लागत असल्यामुळे डायोडचा संच, सामान्यतः सहा डायोड, ती सरळ करतो. रोटरला किती चुंबकीय बळ द्यायचे हे रेग्युलेटर ठरवतो. गुंडाळी आणि ब्रश इलेक्ट्रिकल, डायोड आणि रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक, अशी ही वाटणी आहे.

त्याच्या आधीच्या डायनामोला डायोड लागत नसत, कारण कम्युटेटर आणि कार्बन ब्रश हेच काम यांत्रिक रीतीने करत. नियंत्रणासाठी ‘कटआऊट’ ही चुंबकाने उघडझाप करणाऱ्या संपर्कांची पेटी असे. स्वस्त आणि टिकाऊ सिलिकॉन डायोड मिळू लागले तेव्हाच, म्हणजे १९६० च्या दशकात, अल्टरनेटर मोटारींत रुळला. इलेक्ट्रॉनिक्समुळे इलेक्ट्रिकल यंत्राचे रूप पालटल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दुरुस्तीत ही वाटणी उपयोगी पडते. ब्रश झिजले तर अल्टरनेटर चार्ज करणे हळूहळू कमी करतो किंवा थांबवतो. डायोड गळका झाला तर मात्र गाडी उभी असतानाही बॅटरी रात्रीतून उतरू शकते, आणि अशा वेळी मालक बॅटरीला दोष देत दुसरी बॅटरी विकत आणतो.

फ्यूज आणि रिले यांना काय म्हणावे?

दोन्ही इलेक्ट्रिकल. फ्यूज ही ठरावीक प्रवाहाला वितळणारी पट्टी आहे. पात्याच्या आकाराच्या फ्यूजमध्ये १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. रिलेमध्ये कॉइलमधील लहानसा प्रवाह चुंबकाच्या साहाय्याने मोठ्या प्रवाहाचे संपर्क जोडतो. लहानाने मोठ्याला आवरायचे हे तत्त्व ट्रान्झिस्टरसारखेच असले, तरी रिलेत हलणारा भाग आहे आणि अर्धवाहक नाही.

सेन्सर आणि इंजेक्टर?

येथे नावापेक्षा भूमिका पाहावी. इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे तापमान वाढले की रोध कमी होणारा एक थर्मिस्टर. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) गतीचा जुन्या प्रकारचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. दुसऱ्या उदाहरणात तर घडणीच्या दृष्टीने इलेक्ट्रॉनिक असे काहीच नाही, तरीही तिच्याकडून येणारी वीज कोणतेही काम करत नाही, फक्त बातमी देते, म्हणून ती इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचाच भाग धरावी.

इंजेक्टरची गोष्ट उलट आहे. पेट्रोलच्या सर्वसाधारण इंजेक्टरमध्ये (इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागात) १२ ते १६ ओहम रोधाची एक कॉइल असते, जी सुई उचलते आणि सोडते. तो इलेक्ट्रिकल घटक आहे. किती मिलिसेकंद उघडायचे हा निर्णय ईसीएमचा. म्हणून इंजेक्टरची कॉइल मल्टिमीटरने (व्होल्ट, ओहम मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून पाहता येते, पण इंजेक्टरला थेट १२ व्होल्ट लावून ठेवणे योग्य नाही. तो क्षणभर उघडण्यासाठी बनवलेला आहे.

वाहनांत इलेक्ट्रॉनिक्स केव्हा आले?

इलेक्ट्रिकल यंत्रणा बरीच आधी आली. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा सेल्फ १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारींत बसवला गेला आणि हँडल मारून इंजिन फिरवण्याचे दिवस सरू लागले. वाहनात शिरलेले पहिले इलेक्ट्रॉनिक उपकरण बहुधा रेडिओ म्हणावे लागेल. १९३० च्या दशकात तो व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालत असे. इंजिनाच्या कारभारात इलेक्ट्रॉनिक्सने खऱ्या अर्थाने हात घातला तो १९६७ मध्ये, जेव्हा बॉश या जर्मन कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इंधन फवारणीची प्रणाली फोक्सवॅगनच्या मोटारीत आली. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचे इलेक्ट्रॉनिक एबीएस आले.

आपल्याकडे हा बदल कायद्याच्या रेट्याने झाला. प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले तसे २००० च्या आसपास मोटारींतील कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेली इंधन फवारणी) आले. दुचाकींमध्ये तोच बदल १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे घडला. तोपर्यंत सीडीआय युनिट (प्लगची ठिणगी पाडणारी पेटी) एवढेच मोठे इलेक्ट्रॉनिक अंग असलेल्या साध्या दुचाकीत ईसीएम, ऑक्सिजन सेन्सर आणि इंधनाचा पंप आला. त्याआधी एक वर्ष, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीपेक्षा मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले होते. पॉइंट घासून, प्लग साफ करून आणि कार्बोरेटरचे जेट फुंकून गाडी चालू करणाऱ्या मिस्त्रींच्या पिढीसमोर अवघ्या दोन-तीन वर्षांत पूर्णपणे वेगळे यंत्र आले. त्यांच्या कौशल्याला कमी लेखणे मला मान्य नाही. त्यांना नवे शिक्षण वेळेवर मिळाले नाही, ही खरी अडचण आहे.

एकाच दोषाचा परिणाम दोन्हींवर वेगळा का होतो?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले तर निम्मी दुरुस्ती समजली, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो, म्हणून येथे थोडे आकडे मांडतो.

समजा, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलचा बॉडीशी असलेला जोड गंजला आहे आणि तेथे केवळ ०.१ ओहमचा रोध तयार झाला आहे. सेल्फचे १०० अँपिअर त्यातून जाऊ लागले तर त्या जोडावरच १० व्होल्ट खर्च होतील आणि सेल्फच्या वाट्याला दोन व्होल्टही उरणार नाहीत. प्रत्यक्षात एवढा प्रवाह वाहूच शकणार नाही. सेल्फ नुसता ‘टक्’ करेल. त्याच ०.१ ओहममधून सेन्सरचे पाच मिलिअँपिअर गेले तर अर्धा मिलिव्होल्ट घटेल, ज्याची ईसीएमला दखलही घ्यावी लागणार नाही.

आता उलट बाजू पाहा. कपलरमध्ये (तारा एकमेकींना जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी शिरून दोन पिनांमध्ये हजार ओहमची ओलसर वाट तयार झाली आहे. १२ व्होल्टच्या बल्बच्या मंडलात त्यातून १२ मिलिअँपिअर गळतील आणि कोणालाही काही जाणवणार नाही. पण तोच कपलर तापमानाच्या सेन्सरचा असेल तर चित्र पालटते. अनेक मोटारींत २० अंशांना साधारण अडीच हजार ओहम असलेला थर्मिस्टर वापरतात. त्याला हजार ओहमची समांतर वाट मिळाली की ईसीएमला दिसणारा रोध सातशेच्या आसपास येतो, म्हणजेच पन्नास अंशांच्या पुढचे तापमान. गार इंजिन तापलेले आहे असे समजून ईसीएम पेट्रोल कमी सोडतो आणि सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते. कोकणातल्या पावसाळ्यात ‘सकाळी गाडी लागत नाही, दुपारी ऊन पडले की लागते’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये असे ओले कपलर वारंवार सापडतात.

थोडक्यात, इलेक्ट्रिकल मंडलाला वाटेतला लहानसा अडथळा मारतो आणि इलेक्ट्रॉनिक मंडलाला लहानशी गळती. पहिल्यासाठी जोड घट्ट आणि स्वच्छ हवा. दुसऱ्यासाठी तो कोरडा आणि रबरी सीलसह हवा.

इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून चार्जिंग तपासणे योग्य आहे का?

मुळीच नाही. ही पद्धत डायनामोच्या काळातली आहे. टर्मिनल काढल्यावरही इंजिन चालू राहिले तर डायनामो ठीक, असा तो साधा हिशेब होता, आणि पॉइंट-कंडेन्सरच्या (ईसीएम नसलेल्या जुन्या) गाडीत त्याने फारसे बिघडत नसे.

आजच्या गाडीत बॅटरी केवळ वीज साठवत नाही, तर मंडलातील चढउतार गिळून टाकणारी गादी म्हणूनही काम करते. अल्टरनेटर मोठ्या प्रवाहाने चार्ज करत असताना ती अचानक तुटली, तर रोटरमधील चुंबकीय क्षेत्र तत्काळ ओसरत नाही आणि व्होल्टेज उसळते. १२ व्होल्टच्या वाहनांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणी-मानकात हा झटका, त्याला आळा घालणारी सोय नसल्यास, ७९ ते १०१ व्होल्टचा धरला आहे. नव्या अल्टरनेटरमध्ये तो दाबून टाकणारे डायोड असतात, पण त्यांच्या भरवशावर प्रयोग करू नये. आमच्या कार्यशाळेत अशाच एका तपासणीनंतर ओढून आणलेली मोटार आली होती. मूळ तक्रार हेडलाइट मंद असल्याची होती. टर्मिनल काढून पाहिल्यावर मीटर आणि ईसीएम दोन्ही गेले, आणि हेडलाइट मंद असण्याचे कारण शेवटी गंजलेला अर्थ (निगेटिव्हचा बॉडीशी असलेला जोड) निघाला.

योग्य तपासणी सोपी आहे. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन चालू झाल्यावर तेच वाचन साधारणपणे १३.८ ते १४.५ पर्यंत चढले पाहिजे. काही नव्या मोटारींत ईसीएम गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो; तेथे हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा मोजावे.

टेस्ट लॅम्प वापरू नये का?

हॉर्न, हेडलाइट, पंखा आणि फ्यूज बॉक्स यांच्यासाठी टेस्ट लॅम्प (तारेला लावून वीज येते का हे पाहण्याचा बल्ब) आजही चांगला आहे; किंबहुना मल्टिमीटरपेक्षाही चांगला, कारण तो प्रवाह ओढतो आणि गंजलेल्या जोडाचे सोंग उघडे पाडतो. मल्टिमीटर जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे एका धाग्यावर लोंबणारी तारही त्याला १२ व्होल्ट दाखवते. सेन्सर आणि ईसीएमच्या तारांवर मात्र नेमके हेच गुण उलटतात. पाच व्होल्टच्या संकेतवाहक तारेला बल्बचा भार लावणे म्हणजे तिच्यामागच्या नाजूक मंडलावर आघात करणे होय. तेथे मल्टिमीटरच हवा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर यांपैकी काहीही लावू नये.

दोनच तारांवरून इतकी माहिती कशी जाते?

पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळी तार असे. घटक वाढले तसे हार्नेस (तारांचे जुडगे) जाड आणि जड होत गेले. त्यावर बॉशने कॅन ही संदेशवहन पद्धत विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केली. तिच्यात सर्व मॉड्यूल एकमेकांभोवती पिळलेल्या दोन तारांना जोडलेले असतात आणि पाळीपाळीने संदेश टाकतात. एबीएसने मोजलेला चाकाचा वेग त्यामुळे मीटरलाही मिळतो आणि ईसीएमलाही.

दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असल्यामुळे, बॅटरी काढून त्या दोन तारांमध्ये मोजल्यास साधारण ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर कुठेतरी एक टोक तुटले आहे. महागडे साधन नसतानाही करता येणारी ही तपासणी प्रत्येक ऑटो इलेक्ट्रिशियनने शिकून घ्यावी.

स्कॅनरवर सेन्सरचा कोड आला, म्हणजे सेन्सर बदलायचा का?

घाई करू नये. स्कॅनर ईसीएममध्ये नोंदलेला बिघाडाचा कोड वाचतो, आणि हा कोड मंडलाविषयी असतो. उदाहरणार्थ, पी-०११८ हा कोड सांगतो की इंजिनाच्या तापमानाच्या मंडलातून येणारे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा जास्त आहे. सेन्सर आतून तुटला तरी तो येईल, कपलर निसटला तरी येईल आणि उंदराने तार कुरतडली तरी येईल. ईसीएमला यांपैकी फक्त परिणाम दिसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तिसरे कारण किती वेळा निघते, हे गॅरेजवाल्यांना विचारावे. आधी कपलर, मग तार, मग सेन्सर आणि सर्वांत शेवटी ईसीएम, हा क्रम पाळल्यास ग्राहकाचे पैसे वाचतात.

बाहेरून फॉग लॅम्प किंवा मोठा हॉर्न बसवताना काय पाहावे?

मूळ हार्नेसची तार सोलून तिला नवी तार पिळून जोडू नये. बॅटरीवरून स्वतंत्र तार, तिच्यावर फ्यूज, आणि रिले अशी मांडणी करावी. मूळ स्विचच्या तारेवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार यावा. ज्या मोटारींत दिवे मॉड्यूलमधील ट्रान्झिस्टरने पेटवले जातात, तेथे जादा भार लावल्यास मॉड्यूल तो मार्ग बंद करते किंवा स्वतःच निकामी होते, आणि तेथे बदलण्यासाठी स्वस्त फ्यूज नसतो. अशा गाड्यांत रिलेची कॉइल कुठून चालवायची हेसुद्धा वायरिंगचा नकाशा पाहूनच ठरवावे.

महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी का उतरते?

किल्ली काढल्यावर इलेक्ट्रिकल घटक झोपी जातात, पण काही इलेक्ट्रॉनिक घटक जागे असतात. अलार्म, रिमोट लॉकचा रिसीव्हर, घड्याळ आणि मॉड्यूलची स्मृती यांना थोडी वीज लागतच राहते. हा प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात, आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण एकोणीस दिवसांत निम्म्यावर येते. मुलांकडे परदेशी महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्यांनी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून जाणे हिताचे आहे. परत आल्यावर घड्याळ आणि काचांचे स्वयंचलित वर-खाली होणे पुन्हा जुळवावे लागेल, एवढेच.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर कोणते घटक वाचतात?

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला अनेकांनी हा अनुभव घेतला. हॉर्न, वायपरची मोटर, सेल्फ असे घटक उघडून, धुऊन, वाळवून, बेअरिंगला ग्रीस भरून बऱ्याचदा पुन्हा वापरता येतात. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचे भवितव्य पाण्याइतकेच पाणी असताना वीज होती की नाही यावर ठरते. ओल्या सर्किट बोर्डवर व्होल्टेज असेल तर विद्युत्-अपघटन होऊन तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात, आणि हे नुकसान काही तासांतही होऊ शकते. म्हणून पाणी ओसरल्यावर ‘लागते का पाहू’ म्हणून किल्ली फिरवणे ही सर्वांत मोठी चूक आहे. त्यामुळे ओले मॉड्यूल तर जातेच, शिवाय सिलिंडरमध्ये पाणी असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतात. सर्वप्रथम बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे आणि गाडी उचलून न्यावी. पाणी चढताना दिसत असेल आणि हाताशी वेळ असेल, तर टर्मिनल आधीच काढून ठेवावे.

विम्यात हा फरक केला जातो का?

कंपनीने न दिलेल्या, बाहेरून बसवलेल्या साधनांच्या बाबतीत आपल्याकडील वाहन विमा इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक या दोहोंना एकाच कलमात घेतो, आणि त्यांची किंमत पॉलिसीत स्वतंत्रपणे दाखवून जादा हप्ता भरावा लागतो. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की सर्वसाधारण पॉलिसीतून यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेले असतात. ईसीएम आपोआप बंद पडला तर भरपाई मिळत नाही. पुरात बुडून गेला तर पूर ही संरक्षित आपत्ती असल्याने दावा करता येतो, पण किल्ली फिरवल्यामुळे इंजिनाचे जे पुढचे नुकसान होते ते परिणामी नुकसान म्हणून नाकारले जाऊ शकते.

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते, तरी तो इलेक्ट्रॉनिक कसा?

त्यात एक चिप आणि अँटेना असतो. टोल नाक्यावरील वाचकयंत्राच्या रेडिओलहरींतूनच चिपला पुरेशी ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. गाडीच्या वायरिंगशी त्याचा काहीही संबंध नाही.

बॅटरीवर धावणाऱ्या वाहनात सगळेच इलेक्ट्रिकल झाले, असे म्हणता येईल का?

चाके फिरवणारी मोटर इलेक्ट्रिकल आहे, पण ती इलेक्ट्रॉनिक्सशिवाय एक फेरीही घेऊ शकत नाही. मोठ्या बॅटरीतून एकदिश वीज येते आणि बहुतेक मोटरींना तीन फेजची प्रत्यावर्ती वीज लागते; हे रूपांतर इन्व्हर्टर करतो, ज्यात मोठे प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडणारे-जोडणारे ट्रान्झिस्टर असतात. येथे आपली ‘ऊर्जा ती इलेक्ट्रिकल आणि माहिती ती इलेक्ट्रॉनिक’ ही सोयीची विभागणी अपुरी पडते, कारण इन्व्हर्टरमधून प्रत्यक्ष ऊर्जाच वाहते. त्यासाठी ‘पॉवर इलेक्ट्रॉनिक्स’ ही स्वतंत्र शाखा आहे. प्रत्येक सेलचे व्होल्टेज आणि तापमान यांवर लक्ष ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम मात्र शुद्ध इलेक्ट्रॉनिक आहे. २०२२ मध्ये विजेवरील दुचाकींना आगी लागल्याच्या घटनांनंतर अशा वाहनांच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले, तेव्हा या देखरेख-यंत्रणेवरही भर दिला गेला. अशी मानके ठरवणाऱ्या समितीचे काम १९६६ पासून पुण्यात असलेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून चालते.

अशा मोटारीतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी सामान्यतः असतेच. मोठ्या बॅटरीला मंडलाशी जोडणारे कॉन्टॅक्टर आणि सर्व मॉड्यूल तिच्यावर जागे होतात. त्यामुळे मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही छोटी उतरल्यामुळे गाडी सुरू होत नाही, असे घडते. नारिंगी रंगाच्या केबलना, म्हणजेच मोठ्या व्होल्टेजच्या भागाला, प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने कोणत्याही कारणाने हात लावू नये. गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही काळ धोकादायक विद्युतभार राहतो.

बॉडीला वेल्डिंग करायचे असेल तर?

बॅटरी सोडवावी आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे तो प्रवाह मॉड्यूलच्या अर्थमधून वाट शोधणार नाही. वेल्डिंग मॉड्यूलच्या शेजारीच असेल तर मॉड्यूल काढून ठेवावे.

ईसीएम दुरुस्त होतो का, की बदलावाच लागतो?

अनेकदा दुरुस्त होतो. तुटलेले सोल्डर, फुगलेला कपॅसिटर किंवा जळालेला इंजेक्टर-ड्रायव्हर बदलणारे कुशल तंत्रज्ञ पुणे, मुंबईसारख्या शहरांत आहेत. मात्र ड्रायव्हर जळण्याचे कारण बाहेर, एखाद्या शॉर्ट झालेल्या कॉइलमध्ये असेल आणि ती तशीच ठेवली, तर दुरुस्त केलेला ईसीएम पहिल्याच दिवशी पुन्हा जळतो. एखादा इलेक्ट्रिकल घटक बिघडून त्याची किंमत इलेक्ट्रॉनिक घटकाने मोजावी, असे येथे घडते, म्हणून ईसीएम परत बसवण्याआधी त्याच्यावर चालणारे इंजेक्टर, इग्निशन कॉइल आणि रिले यांचे रोध मोजून घेण्याचा आग्रह ग्राहकानेही धरावा. भंगार बाजारातून त्याच मॉडेलचा जुना ईसीएम आणून बसवण्याचा मोह अनेकांना होतो. पण इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) असलेल्या गाडीत तो तुमच्या किल्लीला ओळखत नाही, आणि योग्य साधनाने जुळणी केल्याखेरीज सेल्फ फिरूनही इंजिन सुरू होत नाही.